कॅमेऱ्याच्या चिपमध्येच मेंदू घालायचा अट्टहास कशासाठी?

रात्रपाळी | सोम., रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. धागा तांत्रिक आहे, सांभाळून घ्या.

मी चाकणजवळच्या एका कारखान्यात बाटल्या भरण्याच्या लाइनवर मेंटेनन्स बघतो. मिनिटाला ६०० बाटल्या, म्हणजे सेकंदाला दहा. टोपण तिरकं बसलंय का हे कॅमेरा बघतो, बाजूच्या पीसीवरचं सॉफ्टवेअर निकाल देतं आणि पुढे हातभर अंतरावर हवेचा फटका मारणारा रिजेक्टर आहे. अडचण अशी, की आठवड्यातून दोन-चारदा फटका भलत्याच बाटलीला बसतो. चांगली बाटली डब्यात, तिरक्या टोपणाची पुढे.

मागच्या आठवड्यात एक विक्रेता येऊन गेला. म्हणाला, "तुमचा कॅमेरा मंद आहे. आता सेन्सरच्या आतच प्रोसेसर असलेली चिप मिळते, सेकंदाला हजार फ्रेम." किंमत ऐकल्यावर साहेबांनी त्याला दुसरा चहा विचारला नाही. पण माझ्या डोक्यात किडा सोडून गेला.

सेन्सरचं काम बघायचं, संगणकाचं काम विचार करायचं. दोघांना एकाच सिलिकॉनवर कोंबून मिळतं काय? आणि अशी चिप बनवताना अडतं कुठे? जाणकारांनी लिहावं.

तिखटमीठ | सोम., रात्री ११:५२

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

खडूस काका | मंगळ., सकाळी ६:१५

काही मिळत नाही. टीव्हीतच व्हीसीआर बसवलेले सेट यायचे, आठवतात का? व्हीसीआरमध्ये टेप अडकली की टीव्हीसकट दुकानात. आमच्या बंधूंनी घेतला होता, सहा महिने बातम्या आमच्याकडे येऊन बघत होते.

प्रोसेसर दोन वर्षांत जुना होतो, चांगली लेन्स आणि चांगला सेन्सर दहा वर्षं चालतो. ज्यांचं आयुष्य वेगळं त्यांना एकत्र बांधू नये. (हे लग्नाबद्दल नाही.)

केतकी_म | मंगळ., सकाळी ९:३०

काका, हा प्रतिसाद लिहिताना तुमच्या हाताखाली जो माउस होता, त्याच्या पोटात अशीच चिप आहे.

ऑप्टिकल माउस म्हणजे एक छोटा कॅमेराच. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने बाजारात आणलेला माउस टेबलाचे सेकंदाला १५०० फोटो काढायचा. त्या पिढीतल्या एका नेहमीच्या सेन्सरमध्ये १८ बाय १८ म्हणजे फक्त ३२४ पिक्सेल होते. चिप काय करते? आत्ताचा फोटो आधीच्या फोटोवर ठेवून किती सरकवला की जुळतो ते बघते. मग 'इतकं उजवीकडे, इतकं वर' एवढे दोनच आकडे बाहेर पाठवते. आत सेकंदाला ४ लाख ८६ हजार पिक्सेलांचा रगाडा, बाहेर दोन आकडे. फोटो चिपच्या बाहेर येतच नाही, म्हणून माउस इतका स्वस्त.

ही कल्पनाही जुनी आहे. झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) नावाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड लायन यांनी १९८० च्या सुमारास असा माउस केला होता. त्यात पिक्सेल किती? सोळा. चार बाय चार. टेबलावर ठिपक्यांचा खास कागद ठेवावा लागायचा, पण बघणं आणि हिशेब एकाच चिपवर.

खडूस काका | मंगळ., सकाळी ९:४१

मी लॅपटॉपच्या टचपॅडवरून लिहितो. हलके घ्या.

पण मुद्दा पोचला. माउसला एकच काम असतं, आयुष्यभर तेच. मेंदू बदलायची वेळ येत नाही. बाटल्यांचं तसं नाही, उद्या टोपणाचा रंग बदलेल.

ऱ्हस्वदीर्घ | मंगळ., दुपारी १:०५

'पिक्सेल'ऐवजी 'चित्रबिंदू' लिहिता येत नाही का? आणि मूळ लेखात 'अट्टाहास' नाही, 'अट्टहास' हवं.

संपादक मंडळ | मंगळ., दुपारी १:२०

शीर्षक दुरुस्त केलं आहे.

तिखटमीठ | मंगळ., दुपारी १:२२

'अट्टहास' म्हणजे मोठ्यानं हसणं ना? मग चिपमध्ये मेंदू घालून मोठ्यानं हसायचं कशासाठी, असा प्रश्न झाला.

स्तंभलेखक | मंगळ., रात्री १०:०५

माझ्या टोपणनावाचा पेपरात सदर लिहिण्याशी संबंध नाही. इमेज सेन्सरमध्ये पिक्सेलच्या प्रत्येक उभ्या स्तंभाखाली एक एडीसी असतो, म्हणजे प्रकाशामुळे तयार झालेल्या व्होल्टेजचा आकडा करणारं सर्किट. बारा वर्षं तेच काढतोय. त्यामुळे 'अडतं कुठे' या प्रश्नावर जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर खाली सरकवा.

आधी 'कशासाठी'. दहा लाख पिक्सेल, सेकंदाला हजार फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला दहा बिट. गुणाकार केला तर सेकंदाला हजार कोटी बिट, म्हणजे दहा गिगाबिट. कारखान्यातली साधी नेटवर्क केबल एक गिगाबिट नेते. सेन्सरला इतक्या वेगानं बघणं जमतं, बघितलेलं बाहेर काढणं जमत नाही. सोनीने २०१७ साली फोनसाठी सेकंदाला ९६० फ्रेमचा सेन्सर काढला, त्यात पिक्सेल आणि लॉजिक (हिशेब करणारं सर्किट) यांच्या थरांमध्ये डीरॅमचा, म्हणजे मेमरीचा, तिसरा थर घातला होता. आधी सगळं आत भरून ठेवायचं, मग सावकाश बाहेर सोडायचं. टाकी भरून मग नळानं बादल्या भरतो तसं. त्यामुळे तो वेग क्षणभरच मिळायचा.

केतकी म्हणतात तसं आतच हिशेब केला तर पाणी बाहेर काढावंच लागत नाही.

आता अडचणी. पहिली भांडणं जागेवरून. मँचेस्टर विद्यापीठात पिओत्र डुडेक यांच्या गटाने स्कॅम्प-५ नावाची चिप केली. २५६ बाय २५६ पिक्सेल आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर, म्हणजे ६५,५३६ प्रोसेसर. साध्या कामांसाठी सेकंदाला एक लाख फ्रेमपर्यंत वेग दाखवला. पण त्या एका पिक्सेलची बाजू सुमारे ३२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फोनमधल्या पिक्सेलची साधारण एक मायक्रॉन. त्यांच्या एका पिक्सेलच्या जागेत फोनचे हजारभर पिक्सेल मावतील! आणि त्या जागेतही प्रकाश घेणारा भाग दहा टक्क्यांहून कमी, बाकी सगळं प्रोसेसरचं बिऱ्हाड.

दुसरी अडचण आवाजाची, म्हणजे विजेच्या गोंगाटाची. पिक्सेलमधला सिग्नल मोजक्या इलेक्ट्रॉनांचा. शेजारी डिजिटल लॉजिक दर क्लॉकला, म्हणजे प्रोसेसरच्या दर ठोक्याला, दाणदाण उड्या मारतंय. बारशाला बाळ झोपलेलं आणि बाहेर बँड, अशी अवस्था. माझ्या सुरुवातीच्या एका चिपमध्ये फोटोत पुसट तिरके पट्टे यायचे. तीन आठवडे लेन्स, दिवे, बोर्ड सगळं बदलून बघितलं. शेवटी लक्षात आलं, की आतला प्रोग्रॅम बदलला की पट्ट्यांचा कोन बदलतो. प्रोसेसरच्या क्लॉकची धडधड सिलिकॉनमधून आणि पुरवठ्याच्या तारेतून माझ्या एडीसीत शिरत होती. चिप फॅबमधून, म्हणजे चिपच्या कारखान्यातून, छापून आलेली, आता तार कुठे हलवणार? एडीसी मोजत असताना प्रोसेसर थांबवायचा आणि मधल्या रिकाम्या वेळात पळवायचा, असा तह झाला. वेग निम्मा. पुढच्या आवृत्तीत पुरवठे वेगळे केले, मध्ये गार्ड रिंग, म्हणजे गोंगाट अडवणारी कडी, घातल्या.

तिसरी उष्णता. अंधारातही पिक्सेलमध्ये थोडा प्रवाह गळतो आणि तापमान साधारण सहा-आठ अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. प्रोसेसर चिपच्या एकाच कोपऱ्यात असला तर फोटोचा तोच कोपरा उजळ दिसतो.

या तिन्हीवर आजचा उतारा म्हणजे दोन थर. वरच्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) फक्त पिक्सेल, खालच्यावर लॉजिक, आणि तांब्याला तांबं चिकटवून मध्ये बारीक बारीक जोडण्या. दोन्ही वेफर आपापल्या सोयीच्या प्रक्रियेत बनवता येतात. उष्णता मात्र आता बाजूला नाही, थेट पायाखाली असते.

केतकी_म | मंगळ., रात्री १०:३१

फार सुंदर. वाचनखूण साठवली.

बेदाणा | बुध., सकाळी ७:५०

स्तंभलेखक साहेब, बँडचा दाखला आवडला.

आमच्या सांगली-तासगावकडे बेदाण्याच्या युनिटमध्ये कलर सॉर्टर असतात, बघितलेत का कुणी? पूर्वी बायका पाट मांडून बेदाणा निवडायच्या, हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा. आता माल उतरत्या पन्हाळीवरून सोडतात. खाली पडता पडता कॅमेरा बघतो आणि काळ्या मण्याला हवेची फुंकर मारून बाजूला उडवतो. तांदळाच्या पिशवीवर 'सॉर्टेक्स' लिहिलेलं असतं ते मूळ अशाच मशीनच्या कंपनीचं नाव, आता दुकानदार क्वालिटी म्हणूनच सांगतो.

त्यात अशी चिप नसते, कॅमेरा वेगळा, कार्ड वेगळं. तरी नेम चुकत नाही. मग रात्रपाळींचाच का चुकतो?

तिखटमीठ | बुध., सकाळी ८:०२

बेदाण्यांवर पीएचडी केलेला आयडी या धाग्यात येईल असं वाटलं नव्हतं.

बेदाणा | बुध., सकाळी ८:१०

पीएचडी नाही, कर्ज केलंय मशीनवर.

यष्टिरक्षक | बुध., दुपारी १२:४०

हजार फ्रेम कशाला, यावर क्रिकेटचा हिशेब देतो. ताशी १४४ किमीचा चेंडू सेकंदाला ४० मीटर जातो. सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या तर दोन फ्रेमच्या मध्ये चेंडू १.६ मीटर पुढे. म्हणजे एका फ्रेममध्ये टप्पा पडायचा आहे, पुढच्या फ्रेममध्ये यष्टी उडालेल्या. हजार फ्रेम असतील तर दोन फ्रेममध्ये चार सेंटिमीटर.

टोकियो विद्यापीठात मासातोशी इशिकावा यांच्या प्रयोगशाळेत एक यंत्रहात केला होता, 'दगड-कागद-कात्री'त माणसाला कायम हरवणारा. त्यातही व्हिजन चिपच, म्हणजे बघणं आणि हिशेब एकत्र करणारी चिपच होती ना?

झुरिचची पाटी | बुध., दुपारी ३:१५

नव्हती. माझ्या माहितीप्रमाणे त्यात वेगवान कॅमेरा आणि बाहेरचा संगणकच होता. पण तीच प्रयोगशाळा नव्वदच्या दशकापासून व्हिजन चिपही करत होती. १९९९ साली त्यांनी ६४ बाय ६४ पिक्सेलची, प्रत्येक पिक्सेलला प्रोसेसर असलेली चिप मांडली. लक्ष्य होतं एक मिलिसेकंदात बघून निकाल. पुढे २०१७ साली सोनीने सेकंदाला हजार फ्रेम घेऊन आतच वस्तूचा माग काढणारा सेन्सर जाहीर केला. त्यात प्रोसेसर पिक्सेलमध्ये नाहीत, खालच्या थरात, स्तंभागणिक.

तो हात जिंकतो कारण तो चक्क लबाडी करतो. तुमची बोटं उघडायला लागली की साधारण मिलिसेकंदात आकार ओळखायचा आणि उत्तर द्यायचं. आपल्याला वाटतं दोघांनी एकदमच हात टाकला. आपल्या डोळ्यांना आणि हाताला प्रतिसाद द्यायला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात.

माझा विषय जरा वेगळा, इव्हेंट कॅमेरा. यात फ्रेमच नसते. प्रत्येक पिक्सेल आपल्यावरचा उजेड ठरावीक प्रमाणात बदलला तरच बोलतो, नाहीतर गप्प. मूळ कल्पना कॅलटेकच्या मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांची, सिलिकॉनचा नेत्रपटल. इथे झुरिचमध्ये टोबी डेलब्रुक यांच्या गटाने २००८ साली १२८ बाय १२८ चा प्रसिद्ध सेन्सर छापला, विलंब १५ मायक्रोसेकंद. आता सोनी आणि प्रोफेसी या कंपन्या मिळून १२८० बाय ७२० पर्यंत पोचले आहेत.

खडूस काका | बुध., सायं. ४:००

म्हणजे काही बदललं नाही तर गप्प, बदललं की लगेच ओरड. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

झुरिचची पाटी | बुध., सायं. ४:२५

:) आणि सेक्रेटरींसारखीच खोड. मेन्सवरच्या दिव्याचा उजेड सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. आपल्याला कळत नाही, याला प्रत्येक वेळी कळतं. पहिल्या डेमोला मी ट्यूबलाइट बंद करायला विसरले, आणि पडद्यावर नुसती मुंग्यांची वारूळं. रात्रपाळी, तुमच्याकडेही हजार फ्रेमचा कॅमेरा लावलात तर आधी दिवे बदलावे लागतील. शिवाय हजार फ्रेम म्हणजे एका फोटोला जास्तीत जास्त एक मिलिसेकंद उजेड. विक्रेते हे सांगत नाहीत.

पोस्टडॉक_परांदा | बुध., रात्री ९:१०

एमएसला असताना पिक्सेलमध्येच प्रोसेसर असलेल्या चिपवर प्रोग्रॅम लिहिले आहेत, म्हणून दुसरी बाजू. हार्डवेअर जमतं, माणसांचा जीव जातो तो प्रोग्रॅम लिहिताना.

चाळीतल्या खोल्यांसारखे पिक्सेल. प्रत्येकाला फक्त उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम हे चार शेजारी ठाऊक. सगळ्यांना एकाच वेळी एकच हुकूम मिळतो: 'शेजाऱ्याचा आकडा घे, आपल्यातून वजा कर.' कडा शोधायची तर दोन-चार हुकमांत होतं, थक्क व्हायला होतं. पण 'या फोटोत मोठा गोल किती?' असं विचारलं की अख्ख्या चाळीत निरोप फिरवावा लागतो. त्यात स्कॅम्पसारख्या चिपमध्ये आकडे ॲनालॉग, कपॅसिटरवरच्या (विजेचा भार साठवणाऱ्या भागावरच्या) भाराच्या रूपात ठेवलेले. थोडा वेळ गेला की गळतात. लिहून ठेवलं होतं ४०, वाचायला गेलो तर ३८. इतर ठिकाणी प्रोग्रॅम चुकतो, इथे तो मुरतो.

म्हणून काकांशी अर्धा सहमत. माउस चालला कारण प्रश्न एकच होता.

केतकी_म | बुध., रात्री ९:४४

पण आता तेही बदलतंय. सोनीचा आयएमएक्स५०० हा सेन्सर बघा, २०२० साली जाहीर झाला. वर १ कोटी २३ लाख पिक्सेल, खालच्या थरात न्यूरल नेटवर्क चालवणारा प्रोसेसर. नेटवर्क बदलून दुसरं भरता येतं, काकांच्या टोपणाचा रंग बदलला तरी चालेल. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या एआय कॅमेऱ्यात तोच आहे, २०२४ साली ७० डॉलरला आला. फोटो बाहेर न काढता नुसतं 'माणसं तीन' एवढंच सांगू शकतो.

पोस्टडॉक_परांदा | बुध., रात्री ९:५८

हो, पण नेटवर्क, त्याची कामाची जागा सगळं मिळून आत फक्त ८ एमबी. आणि तो वेगासाठी नाही, खासगीपणा आणि वीज वाचवण्यासाठी आहे. सगळ्याला 'चिपमध्ये मेंदू' म्हटलं की गोंधळ होतो. माउस, इशिकावांची चिप, इव्हेंट कॅमेरा, आयएमएक्स५००, चौघांचे आजार वेगळे, औषधं वेगळी.

देशी फॅब | बुध., रात्री ११:३०

अवांतर: आपल्याकडे हे का होत नाही? मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबमध्ये १८० नॅनोमीटरची प्रक्रिया आहे. लोक हसतात, जुनी म्हणून.

स्तंभलेखक | गुरु., सकाळी ८:२०

हसणाऱ्यांना सांगा, वर लिहिलेली स्कॅम्प-५ चिप १८० नॅनोमीटरमध्येच बनली आहे. ॲनालॉग आणि पिक्सेलच्या कामाला जुनी प्रक्रिया उलट सोयीची पडते: व्होल्टेज जास्त, गळती कमी. 'चिप्स टू स्टार्टअप' या सरकारी योजनेतून कॉलेजच्या पोरांची डिझाइन मोहालीला छापली जातात. एखाद्या गटाने ३२ बाय ३२ चा सेन्सर, पिक्सेलमध्ये नुसती वजाबाकी, एवढं केलं तरी मला फार आवडेल. फोटोला चांगला पिक्सेल मिळवणं मात्र वेगळी विद्या आहे, तिला फोटोडायोडसाठी (प्रकाश पकडणाऱ्या भागासाठी) खास पायऱ्या लागतात. साध्या लॉजिकच्या प्रक्रियेत दाणेदार फोटोवर समाधान मानावं लागेल.

एन्कोडर | गुरु., सकाळी १०:४५

सगळे चिपमध्ये शिरलेत, रात्रपाळींना कुणी साधा प्रश्न विचारला नाही. बेदाणा यांनी विचारला होता, पण त्यावर विनोद झाला.

रात्रपाळी, रिजेक्टर वाजतो तो कशावरून? बाटली कॅमेऱ्याखाली आल्यापासून मोजून, की पीसीचा निकाल आल्यापासून मोजून?

रात्रपाळी | गुरु., रात्री ११:५५

निकाल आल्यापासून. टायमर २४० मिलिसेकंद.

एन्कोडर | शुक्र., सकाळी ७:१५

मग सापडलं. सेकंदाला दहा बाटल्या, म्हणजे दोन बाटल्यांत १०० मिलिसेकंद. निकाल नेहमीपेक्षा पन्नासेक मिलिसेकंद उशिरा आला की फटका शेजारणीला. तुमचा कॅमेरा मंद नाही, पीसी बेभरवशाचा आहे. निकालाला किती वेळ लागतो त्याचा लॉग काढा. सरासरी बघू नका, सगळ्यात वाईट आकडा बघा.

रात्रपाळी | शनि., पहाटे ४:३०

काढला. सरासरी ६० मिलिसेकंद, मधूनच १६०-१७०. आणि कारण ऐकाल तर हसाल. कुणीतरी सेटिंग करून ठेवलंय, प्रत्येक खराब बाटलीचा फोटो आधी हार्डडिस्कवर साठवायचा, मग रिजेक्टरला निरोप द्यायचा. एक खराब आली तर निभतं. लागोपाठ दोन आल्या की रांग लागते.

बेदाणा | शनि., सकाळी ८:००

म्हणजे पंचनामा आधी, चोर नंतर.

झुरिचची पाटी | शनि., दुपारी १:१०

व्हिजन चिपवाल्यांचं खरं म्हणणं हेच आहे, गंमत बघा. हजार फ्रेम हा जाहिरातीचा आकडा. तो यंत्रहात जिंकतो कारण उत्तर दर वेळी तेवढ्याच वेळात येतं, त्याला कुणी मध्येच फोटो साठवायला सांगत नाही.

एन्कोडर | शनि., दुपारी १:४०

बेल्टच्या शाफ्टवर एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारं यंत्र) बसवा, कॅमेऱ्याखाली येणाऱ्या प्रत्येक बाटलीला पीएलसीत, म्हणजे लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, नंबर द्या. निकाल केव्हाही येवो, त्या नंबरच्या बाटलीला फटका तिच्या जागेवर. निकाल वेळेत आलाच नाही तर बाटली बाद धरा. (टोपणनाव योगायोग नाही, विकतो मी ते.)

खडूस काका | शनि., दुपारी १:४५

शेवटी विक्रेताच निघाला.

रात्रपाळी | पुढचा गुरु., रात्री ११:२०

उशिरा लिहितोय. फोटो साठवणं बंद केलं, एन्कोडरची मागणी टाकली आहे (दुसऱ्याकडून, माफ करा, आमचा व्हेंडर ठरलेला आहे). चार दिवसांत एकही चुकीचा फटका नाही. मला वाटतं साहेब हजार फ्रेमचं विसरले.

मी नाही विसरलो. केतकी यांचा प्रतिसाद वाचून घरात पडलेला जुना माउस पोराबरोबर उघडला. नशिबानं आतला सेन्सर असा निघाला, की कच्चा फोटो बाहेर वाचता येतो. दोन तारा जोडून, आर्डुइनोवर (प्रयोगांसाठीचा छोटा कंट्रोलर बोर्ड), तीन रात्री खर्च करून पहिला फोटो आला. १८ बाय १८. पेपरावर ठेवला होता. मधोमध एक काळा गोळा, कडेला कागदाचे तंतू. पोरगा म्हणाला, ग्रह आहे. नीट बघितलं तर अनुस्वार होता.

ऱ्हस्वदीर्घ | पुढचा गुरु., रात्री ११:४२

कोणत्या शब्दावरचा? हल्ली पेपरवाले नको तिथेही देतात.